सशांच्या पिंजऱ्याची कडी

लोकांना स्वतःच्या आत डोकावायला लावणं हेच ताझुकोचं तीस वर्षांचं काम. जपानातल्या योशिनोच्या डोंगराखालच्या तिच्या घरात माणसं आठवडाभर राहायला येत आणि खोलीच्या कोपऱ्यात, घडीच्या पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून बसत. आई, वडील, नवरा, शिक्षक, असं एकेक माणूस घ्यायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. त्यांच्याकडून मला काय मिळालं, मी त्यांना काय दिलं, मी त्यांना काय त्रास दिला. त्यांनी मला काय त्रास दिला, हा प्रश्न यात नाही. तो न विचारताच सगळ्यांना पाठ असतो.

दर दोन तासांनी ताझुको येई, गुडघे टेकून कपाळ चटईला लावी, पडदा सरकवी आणि विचारी, "या वेळी कोणाला पाहिलंत?" ऐकायचं, आभार मानायचे, पुन्हा वाकायचं, निघायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि स्वतःबद्दल तर अवाक्षरही काढायचं नाही. वर्षातून एक आठवडा ती स्वतःही बसे. आपलं आतलं घर झाडून-पुसून लख्ख आहे, असा तिचा समज होता, आणि त्याचा थोडा तोराही होता.

अशाच एका आठवड्याच्या चौथ्या दिवशी दुपारी ती ओरिएच्या पडद्याशी वाकली. ओरिए पंचेचाळिशीची, ओसाकाच्या एका औषधांच्या दुकानात काम करणारी, हळू आवाजाची बाई.

"या वेळी तिसरीतल्या हिरोसे बाईंना पाहिलं," ओरिए खाली मान घालून म्हणाली.

ताझुको पूर्वी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. लग्नाआधी ती हिरोसे होती.

"मिळालं ते असं. माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा बाई रोज सकाळी माझी वेणी घालायच्या. एकदा स्वतःची छत्री मला देऊन त्या भिजत घरी गेल्या. मी त्यांना सशाचं एक चित्र दिलं, बस. आणि त्रास... शाळेत ससे होते. त्या दिवशी चाऱ्याची पाळी माझी होती. रात्री पिंजऱ्याची कडी उघडी राहिली आणि कुत्र्याने तिन्ही ससे मारले. शाळा सुटण्याआधी रोज आमची सभा असायची, ज्याने त्याने आपली चूक उठून सांगायची. तिथे मी उठले. त्यानंतर बाईंनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. वर्षअखेर त्यांनी नोकरीच सोडली. तो त्रास माझ्यामुळे."

ताझुकोने आभार मानले. मानावेच लागतात. मग ती थेट स्वयंपाकघरात आली. तिचा नवरा गोहेई मुळा किसत होता.

"काय गं, भूत पाहिलंस?"

"कडी मी लावली नव्हती."

"कसली कडी?"

तिने सगळं सांगितलं. शाळेत मुलांना आडनावानेच हाक मारायचे, म्हणून ओरिए हे नाव तिला ओळखू आलं नव्हतं. मुलं घरी गेल्यावर उरलेली गाजराची पानं टाकायला तीच पिंजऱ्याशी गेली होती. हात भरलेले होते, म्हणून कडी मग लावू म्हणाली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी सभेत, कोणाची चूक, असं तिनेच विचारलं. पुढचे शब्द ओठांपर्यंत आले होते, पण फुटेनात. तेवढ्यात ती एवढीशी पोर उठून म्हणाली, "माझी." आणि ताझुकोचा जीव भांड्यात पडला. हेच तिला आजवर खात आलं होतं. मुलीचं वाईट वाटायच्या आधी तिला हायसं वाटलं होतं.

"तीस वर्षं आत पाहतेस. एवढं दिसलं नाही?"

"दिसत होतं. बाजूने निघून जायचे. आईला पाहिलं, तुम्हाला पाहिलं, तुमच्या आईला तर चारदा पाहिलं."

"तिला चारदा कशाला?"

"सोपं होतं."

गोहेईने किसणी खाली ठेवली. "बोललीस तर नियम मोडेल. गावभर होईल, हीच का ती लोकांना आत पाहायला शिकवणारी. इथे कुत्रंही फिरकणार नाही."

"आणि नाही बोलले तर रविवारी ती माझी चूक गाठोड्यात बांधून घरी नेईल. पुन्हा."

गोहेईने किसणी पुन्हा उचलली. तो परत मुळा किसायला लागला, पण हळू.

चार वाजता ताझुको पडद्याशी वाकली, आणि या वेळी तिने प्रश्न विचारला नाही.

"ओरिएसान, लग्नाआधी माझं आडनाव हिरोसे होतं. तुमच्याकडून मला सशाचं चित्र मिळालं, ते अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला दिल्या वेण्या आणि एक छत्री. त्रास दिला तो हा. कडी मी उघडी ठेवली होती, आणि खापर तुमच्यावर फुटू दिलं."

कपाळ चटईवरून उचलायचा तिला धीर होईना.

"बाई," ओरिए म्हणाली. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"झाडू ठेवायला मी मागे गेले होते. तुम्ही पिंजऱ्याकडून येताना दिसलात. सभेत तुम्ही विचारलंत आणि मान खाली घातलीत. वाटलं, आता बाई रडणार. म्हणून उठले."

"मग इतकी वर्षं कसली बोच धरलीस?"

"खोटं बोलल्याची. बाईंना ते कळलंय, म्हणून त्या रागावल्यात, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंगवा घेऊन तुमच्या टेबलाशी उभी राहिले. तुम्ही वहीतून मान वर केली नाहीत. घंटा होईपर्यंत उभी होते. मग वेणी घालायला कोणी नाही, म्हणून मावशीने माझे केस कापून टाकले."

कंगवा. ताझुकोने डोकं वर केलं. लाल, दोन दात तुटलेला कंगवा. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने तो पाहिला होता, आणि वह्या तपासत राहिली होती. ससे तिला आठवत होते, कडी आठवत होती. हा कंगवा मात्र तीस वर्षांत एकदाही तिने समोर येऊ दिला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेला या वेळी कुठे आडोसा नव्हता.

"ऊठ," ती म्हणाली. "तिथे मी बसते. दोन तासांनी ये आणि मला विचार."

ओरिएचे पाय बधिर झाले होते. ती भिंतीला धरून उठली, आणि ताझुको तिच्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसली. पडदा सरकला.

सहा वाजता बाहेर कुणी गुडघे टेकल्याचा आवाज आला.

"या वेळी कोणाला पाहिलंत?"

"तिसरीतल्या एका मुलीला," ताझुको म्हणाली. "ती केस मोकळे सोडून माझ्या टेबलाशी उभी होती."