डोंगराने आ वासला

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर आमच्या वस्तीमागच्या डोंगराचे दोन भलेमोठे फोटो टांगले होते, दोन्ही उपग्रहाने आकाशातून टिपलेले. उन्हाळ्यातल्या फोटोत डोंगर धुऊन विटलेल्या चादरीसारखा सपाट होता. यंदाच्या हिवाळ्यातल्या फोटोत मात्र कपाळ, नाक, खोल डोळे आणि वासलेलं तोंड स्पष्ट दिसत होतं.

"उन्हाळ्यात गिरिदेव झोपले होते," अंतरिक्ष महाराज छडी फिरवत म्हणाले. "आता जागे झालेत. भुकेले आहेत. आणि तोंडासमोर काय आहे?"

छडी टेकली ती माझ्या मावशीच्या घरावर.

उपाय तयारच होता. घर आश्रमाला द्यायचं, मग महाराज तिथे राहून देवाची समजूत घालणार. बारमाही पाण्याची विहीर असलेलं घर ते. भूक नक्की कोणाला लागली होती, हे मला केव्हाच कळलं होतं. पण मावशी कुणाचं ऐकेना. नवऱ्याच्या माघारी शिवणकाम करून तिने ते घर राखलं होतं आणि आता भांडी पोत्यात भरून बसली होती. "नातवाला काही झालं तर?" एवढंच ती म्हणायची. मला तिची दया येत होती आणि रागही.

तिची सून नकाशा कार्यालयात कामाला. ती उठून उभी राहिली.

"महाराज, एक शंका आहे."

"विचार, बाळ. प्रश्न अज्ञानातूनच येतात."

"म्हणून यांना एकही पडत नाही," मी पुटपुटलो.

सुनेने खिडक्या लावायला सांगितल्या, मावशीची शाल टेबलावर चुरगाळून टाकली आणि बॅटरी बरोबर वरून धरली. शाल नुसती शालच दिसत होती. मग तिने बॅटरी टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणली. चुणीचुणीची सावली पडली.

"अगं बाई, नाक," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला तर सासू दिसतेय," न्हावी म्हणाला.

"शाल हलली का? हलला तो दिवा," सून म्हणाली. "हा उपग्रह दर वेळी सकाळी ठरलेल्या सुमारालाच इथून जातो. उन्हाळ्यात तोवर सूर्य चांगला वर आलेला असतो, सावल्या आखूड पडतात, डोंगर सपाट वाटतो. हिवाळ्यात त्याच वेळी सूर्य खाली असतो. सावल्या लांबतात, बारीक उंचवटेही उठून दिसतात. डोंगराची ठेवण बघायची तर आम्ही असेच फोटो मुद्दाम निवडतो."

मग तिने मागच्या हिवाळ्यांचे फोटो मांडले. प्रत्येकात तेच नाक, तेच तोंड.

"देव दर हिवाळ्यात जागे होतात, महाराज. मग आजवर आमच्या सासूबाईंना खाल्लं कसं नाही?"

"माझ्या जिभेला घाबरला असेल," मावशी म्हणाली. कित्येक दिवसांनी ती हसली होती.

"देव कोपतील," महाराज गरजले. सुनेने शांतपणे बॅटरी त्यांच्या हनुवटीखाली धरली. डोळ्यांच्या खोबणी झाल्या, गालांवर दऱ्या पडल्या, आणि तोंड तर डोंगरापेक्षा भुकेलं दिसायला लागलं. सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. महाराजांना तेवढ्यात तातडीचं ध्यान आठवलं.

घरी आल्यावर मावशीने पोतं उलटं केलं आणि पहिलं पातेलं चुलीवर ठेवलं. नातू अंगणात डोंगराला वाकुल्या दाखवत होता.

चमत्काराला नमस्कार करायचा मोह कुणाला होत नाही? पण हात जोडण्याआधी एवढं विचारा: उजेड कुठून येतोय, आणि दिवा कोणाच्या हातात आहे?