स्मारकासाठी फोटो

शहरातल्या बागेत सैनिकांचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा समितीत खरा सैनिक एकच होता, दौलतसिंग राठोड. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून घरात तो एकटाच असे. मुलगा पुण्याला, फोन आला तर रविवारी. समितीचे अध्यक्ष हुकूमचंद शेठ कापडाचे व्यापारी, भला माणूस. काळ्या ग्रॅनाइटवर तालुक्यातल्या गेलेल्या जवानांचे चेहरे कोरायचे, खाली नाव आणि गाव, असं त्यांच्या मनात होतं. फोटो जमवायचं काम त्यांनी दौलतसिंगावर टाकलं. तुम्हाला वेळ असतो, असं ते म्हणाले आणि ते खरंच होतं.

बहुतेकांच्या घरच्यांनी फोटो मोबाइलवर पाठवून दिले. राहिला कामरगावचा विकास. अरुणाचलात त्याची गाडी दरीत गेली, त्याला दहा-बारा वर्षं उलटली होती. तेव्हा त्याच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. पुढे आई खचली आणि गेली. बहीण नागपूरला दिलेली. घरात वडील पुंजाजी तेवढे उरले होते आणि त्यांचा फोन बोलण्यापुरताच होता. म्हणून एका गुरुवारी दौलतसिंग प्रवासी जीपमध्ये बसून कामरगावला गेला.

पुंजाजींनी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. बागेत जागा कुठं, सावली आहे का, लोक येतात का, हेही विचारलं. मग म्हणाले, वर्दीतला चांगला फोटो पेटीत आहे, पण किल्ली सापडत नाही, पुढच्या गुरुवारी ये. समोरच्या भिंतीवर वर्दीतलाच विकास होता, प्लास्टिकचा हार घातलेला. पेटीतला याहून बरा असेल, असं दौलतसिंगाला वाटलं.

पुढच्या खेपेला किल्ली सापडली होती, पेटीत फोटो मात्र नव्हता. मग भिंतीवरचाच नेतो, असं दौलतसिंग म्हणाला. त्यावर पुंजाजींचं म्हणणं, जीपमध्ये काच फुटेल, सुताराकडून काढून ठेवतो. दौलतसिंगानं खिशातून मोबाइल काढला. भिंतीवरच्या फोटोचा फोटो घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण पुंजाजींनी तोवर दोन ताटं मांडली होती आणि त्याच्याकडे न बघता ते तुरीचं वरण वाढत होते. दौलतसिंगानं मोबाइल परत खिशात घातला आणि हात धुतले.

जेवताना पुंजाजींनी विचारलं, "तिकडं बर्फात पोट्टे मोजे कसे वाळवत असतीन?"

विकासला दौलतसिंग कधी भेटला नव्हता, दोघांच्या पलटणीही वेगळ्या. पण बर्फात त्यानंही दिवस काढले होते. बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, नळीवर मोजे कसे टांगायचे, ओले राहिले तर पोटाशी धरून कसं झोपायचं, ते त्यानं सांगितलं. पुंजाजी घास हातात धरून ऐकत राहिले. पोरगा सुट्टीत आला की सगळं बरं आहे एवढंच सांगायचा, असं ते म्हणाले. परतीच्या जीपमध्ये दौलतसिंगाच्या ध्यानात आलं की आपल्यालाही आजवर हे कोणी विचारलं नव्हतं.

मग गुरुवार ठरूनच गेला. कधी सुतार लग्नाला गेलेला असे, कधी सोयाबीनच्या सोंगणी-कापणीत पुंजाजींना सवड नसे. दौलतसिंग जाई, जेवी, पहाडातल्या गोष्टी सांगे आणि रिकाम्या हातानं परत येई. हुकूमचंद शेठनी विचारलं की म्हणे, म्हातारा माणूस आहे, देईल. भिंतीकडे तो आता बघतही नसे.

दिवाळीनंतर समितीची बैठक शेठच्या दुकानात झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं स्मारक होणार आहे, मग इथं वेगळं कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं. बागेतल्या जागेवर व्यायामाची साधनं बसवायची ठरली. कोणी भांडलं नाही. शेठनी दौलतसिंगाचे आभार मानले, चहा पाजला. त्या गुरुवारी तो कामरगावला गेला नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. काय तोंडानं सांगावं, ते त्याला सुचत नव्हतं.

एका सकाळी फोन वाजला. पुंजाजी बसस्टँडवर येऊन बसले होते.

दौलतसिंग धावतच गेला. बाकड्यावर पुंजाजी, स्वच्छ धोतर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. काचेसकट.

"तू रागावला असशीन, म्हणून मीच आणला," ते म्हणाले. "जागा तं दाखव."

नाही म्हणवेना. दोघं बागेत गेले. कडुलिंबाखाली सिमेंटचे ओटे घातले होते आणि त्यावर लोखंडी यंत्रं बसवणं चालू होतं. तिथं उभं राहून दौलतसिंगानं सगळं सांगून टाकलं. पुंजाजी यंत्रांकडे बघत राहिले. मग बाकावर बसले, फ्रेम शेजारी ठेवली.

"पयल्याच दिवशी देला असता," ते म्हणाले, "तं तू दुसऱ्यांदा आला असता काय?"

"मले मालूम होतं, काकाजी," दौलतसिंग म्हणाला. "दुसऱ्या खेपेपासूनच."

पुंजाजींनी त्याच्याकडे पाहिलं. आज माझ्या घरी राहा, असा दौलतसिंगानं आग्रह केला. पण पुंजाजींच्या घरी गाय होती, तिला पाणी दाखवणारं कोणी नव्हतं. जीपमध्ये खिडकीशी बसून पुंजाजींनी फ्रेम पुन्हा मांडीवर घेतली. पुन्हा येजो, असं ते म्हणाले नाहीत. दौलतसिंगालाही येतो असं म्हणणं जमलं नाही. जीप गेल्यावर तो स्टँडवरच उभा राहिला. घरी जायची घाई अशी काही नव्हतीच.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्यानं दाढी केली आणि तसाच बसून राहिला. काम नसताना कोणाच्या दारात जायची त्याला सवय नव्हती. दुपार टळायला आली तेव्हा तो उठला, केळी घेतली आणि जीपमध्ये बसला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कामरगावात तुमचं कोण? त्यानं केळी मांडीवर घेतली.

पुंजाजी दारातच गायीला वैरण घालत होते. त्याला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. स्मारकाचा विषय कोणी काढला नाही, पहाडातलंही काही निघालं नाही. दौलतसिंगानं केळी बाजेवर ठेवली आणि तो तिथंच बसून राहिला. उन्हं उतरायला लागली.

"जेवला काय?" पुंजाजींनी शेवटी विचारलं.

"नाई," दौलतसिंग म्हणाला.

पुंजाजी हात झटकत उठले आणि चूल पेटवायला आत गेले.