नऊ दिवसांचं काम

भूपेंद्र सरांच्या ऑफिसात एक अजब रिवाज होता. काम लवकर आटोपलं की पेढे, उशीर झाला की लेखी खुलासा. भंडाऱ्यात एका वरच्या मजल्यावर पाच जणांचं हे सॉफ्टवेअरचं दुकान, पण तोरा असा की जणू यांच्याशिवाय जिल्ह्याचं पानही हलत नाही.

दोन वर्षांपूर्वी तृप्तीनं एक काम नऊ दिवसांत उरकलं. सरांनी पेढे वाटले, तिला टीमची प्रमुख केलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू लागले, "नऊ दिवस!"

त्यानंतर एकही काम नऊ दिवसांत झालं नाही. तृप्ती वहीत दिवस टिपत गेली. दहा, तेरा, अकरा, चौदा, पुन्हा तेरा. माणसं तीच, कामं तशीच, आणि दिवस कायम दहा ते चौदाच्या मधले. तिचे नऊ म्हणजे निव्वळ नशीब होतं. हे तिला कळलं, आणि ती गप्प बसली. प्रमुखपद कुणाला नको असतं?

खुलासे लिहायचा तिच्या टीममधला संघपाल. तेरा दिवस लागले, लिही खुलासा. बारा लागले, तरी लिही.

यंदा सिहोऱ्याकडच्या एका धान खरेदी संस्थेचं, शेतकऱ्यांना विक्रीच्या नंबराचं टोकन देणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम त्याच्याकडे होतं. सतरा दिवस झाले, तरी थोडं बाकीच. संस्थेचे अध्यक्ष धनीराम तणतणत ऑफिसात आले.

"नऊ दिवस म्हनले होते नं? केंद्रापुढं पोत्यांची रांग लागली. लोकं मले शिव्या देऊन राहिले!"

"याच्यामुळं," सरांनी संघपालकडे बोट दाखवलं. "उद्यापासून हा येनार नाही."

संघपालचं तोंड उतरलं. तृप्तीनं वही टेबलावर आपटली.

"सर, तेरा दिवस आपल्याले नेहमीच लागतेत. पाहा. त्याचा खुलासा कायले मागता? वरचे चार गेले, कारण संस्थेनं अर्ध्यात शेतकऱ्यांच्या याद्या बदलल्या. ते कोनालेच माहीत नव्हतं." ती धनीरामांकडे वळली. "भाऊ, लवकर येनारा हलका धान ठरल्या दिवशीच निघते का?"

"आठ-दहा दिवस मागंपुढं होतेच," ते गुरगुरले. "तारीख कोन लिहून देते?"

"अन् नदीचं पानी शिरलं तं?"

"ते अलग."

"आमचंही तसंच. चौदा सांगाले पाहिजे होते. अन् याद्या बदलल्या तं तारीख पुढं जाईन, हे पयलेच सांगाले पाहिजे होतं."

"नऊ दिवसांत तूच केलं होतं!" सर ओरडले.

"तुक्का होता, सर. एकदाच लागला."

धनीरामांचा राग आता सरांकडे वळला. "मंग आमाले नऊ काहून सांगितले? अन् हा पोरगा गेला तं बाकीचं काम तुमी करान?"

सरांना काम येत नव्हतं. "राहू दे त्याले," ते कसंबसं म्हणाले.

तृप्ती बाहेर आली. संघपाल आभार मानेल असं तिला वाटलं होतं. तो जिन्यात उभा राहून, टेबलावरून उचललेली तिची वही चाळत होता. पहिल्या पानावरची तारीख त्यानं दोनदा वाचली.

"ताई, दोन वर्षांपासून तुमाले माहीत होतं?"

तिनं वही घ्यायला हात पुढे केला. त्यानं ती दिली नाही.

"अकरा खुलासे लिहिले मी," तो म्हणाला. "मले खरंच वाटाले लागलं होतं का मीच ढ आहो."