जावक क्रमांक एक

मी टपालाचा प्रोग्राम बोलतोय. कॉम्प्युटर नव्हे, तो माझा घरमालक. त्याच्या पोटात आम्ही बरेच भाडेकरू राहतो. कोणी चित्रं दाखवतो, कोणी पत्त्यांचा डाव मांडतो, मी टपाल सांभाळतो. पत्रं आणायची आणि पत्रं न्यायची, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आणण्याचं दार वेगळं, नेण्याचं दार वेगळं, आणि दोन्हींना स्वतंत्र कुलूप असतं, हे कोणी ध्यानात घेत नाही. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म म्हणाल तर पाच-पंचवीस माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांच्या चुका काढत मला लिहिलं. त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. आईबापांचा पत्ता नाही आणि धंदा मात्र पत्त्यांचा. असो.

या घरात मला आणलं एका मुलीने. मुलगी कसली, चाळिशीची बाई. पण बापाच्या लेखी मुलगीच. घरात तिला ठमी म्हणतात. ती दूरदेशी नोकरीला. तिची आई आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. ठमी पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच बाप म्हणाले, "आता येऊन काय उपयोग?" त्यानंतर फोनवर काहीही विषय निघो, शेवट भांडणात. एकदा तीच म्हणाली, "बाबा, फोनवर आपलं जमत नाही. मी तुमच्यासाठी कॉम्प्युटर पाठवते. आपण एकमेकांना लिहू या. आणि एक लक्षात ठेवा, मध्येच कुठे पासवर्ड विचारला तर देऊ नका. हल्ली फार फसवतात."

तिच्या वडिलांना मी कारकूनबुवा म्हणतो, अर्थात मनातल्या मनात. एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी आवक-जावकचं टेबल सांभाळलं. आलेला कागद आवकच्या वहीत चढवायचा. जाणारा कागद जावकच्या वहीत चढवायचा, त्यावर क्रमांक टाकायचा आणि ट्रेमध्ये ठेवायचा. चार वाजता शिपाई येऊन ट्रे उचलायचा. एकदा वहीत क्रमांक पडला की कागद गेला. तो खरंच गेला का, हे बघायला बुवा चौतीस वर्षांत एकदाही खुर्चीतून उठले नाहीत. शिपाई चोख होता, त्यामुळे वेळही आली नाही.

मला जोडायला दुकानातून एक माणूस आला होता. त्याला आणखी तीन घरं गाठायची होती. त्याने नाव भरलं, पत्ता भरला, आणण्याच्या दाराचा पासवर्ड भरला, आणि टिंग करून ठमीचं पत्र उतरलं : "बाबा, मिळालं का?" "झालं काका, चालू झालं," म्हणत तो पिशवी उचलून निघालासुद्धा. नेण्याचं दार त्याने ढकलूनही पाहिलं नाही.

बुवांचं शिकणं मात्र बघण्यासारखं होतं. सकाळी बरोबर दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यापुढे बसायचे. शेजारी एक नवी वही. तिच्यात लिहिलेलं : "१. डावे बटण दोनदा, लगेच-लगेच. २. घाबरू नये. ३. बाण हरवल्यास उंदीर गोल फिरवावा." मराठी टाइप करायला शिकताना जोडाक्षरांनी त्यांना रडकुंडीला आणलं, पण बुवा हटले नाहीत. माझ्या इनबॉक्सला ते आवक म्हणायचे आणि आउटबॉक्सला जावक. पडद्याच्या कडेला त्यांनी तशा दोन चिठ्ठ्याच चिकटवल्या. दीड वाजला की जेवणाची सुट्टी; वाक्य अर्धं असलं तरी खुर्ची मागे. मला हा माणूस आवडू लागला होता.

दहाव्या दिवशी ठमीचं दुसरं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता. "बाबा, खरं सांगा. आई माझ्यावर रागावून गेली का?"

बुवांनी तो दिवसभर नुसता वाचला. दुसऱ्या दिवशी दहाला बसले. दीड वाजून गेला तरी उठले नाहीत. जे लिहिलं ते माझ्याकडे अजून जसंच्या तसं आहे.

"चि. ठमीस अनेक आशीर्वाद. विषय : आई. संदर्भ : तुझे कालचे पत्र. आई तुझ्यावर रागावली नव्हती. शेवटच्या आठवड्यात ती मला दोनदा म्हणाली, ठमीला फोन लावा. मी लावला नाही. पहिल्यांदा म्हणालो, ती कामात असेल. दुसऱ्यांदा म्हणालो, उद्या लावू. तू आपणहून फोन करीत नाहीस याचा राग मला होता, तिला नव्हता. दारात तुला बोललो ते माझा अपराध झाकायला. कळावे."

त्यांनी पाठवण्याचं बटण दाबलं. मी पत्र घेऊन धावलो, तर दाराला कुलूप. मी नियमाप्रमाणे चौकट पुढे केली : बाहेर जाणाऱ्या टपालाचा पासवर्ड द्या. बुवांनी चष्मा सारखा केला, चौकट दोनदा वाचली आणि म्हणाले, "मला फसवतोस होय रे?" आणि चौकट बंद केली. लेकीने बजावलंच होतं ना. मग वही उघडून सावकाश लिहिलं : जावक क्रमांक १, ठमी, विषय आई.

मी काय करणार? मला तोंड नाही. मला फक्त चौकटी दाखवता येतात. पत्र आउटबॉक्समध्ये पडलं आणि त्याच्यापुढे मी आकडा दाखवला, एक. बुवांनी वहीतला एक पाहिला, माझा एक पाहिला, आणि समाधानाने मान हलवली. ताळा जुळला होता. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

तीन आठवड्यांनी ठमीने लिहिलं, "बाबा, मी एकच गोष्ट विचारली होती. राहू दे. तब्येत सांभाळा."

बुवांनी ते वाचलं आणि खुर्चीत खचले. "वाचलंन तिने," ते स्वतःशीच म्हणाले. "वाचलंन, आणि माफ केलं नाही." तिकडे ती बिचारी काय समजत असेल ते मी ओळखून होतो : आई रागावूनच गेली, आणि बाबांना ते सांगवत नाही म्हणून बाबा गप्प आहेत. बाप इकडे शिक्षा भोगतोय, लेक तिकडे भोगतेय, आणि दोघांना सोडवणारा कागद माझ्या खिशात. बुवा कधीकधी फोन उचलायचे, नंबर अर्धा लावायचे, ठेवून द्यायचे. एवढं लिहून बसल्यावर तिचा आवाज ऐकायची त्यांना भीती वाटत होती.

मग ते लिहीत राहिले. क्रमांक दोनमध्ये गळका नळ बदलल्याची खबर. चारमध्ये आईचं कपाट अजून आवरलं नाही, धीर होत नाही. सातमध्ये भाजी करपली आणि तीच खाल्ली. नऊमध्ये एकच ओळ : "उत्तराची वाट पाहत आहे." दर वेळी माझी चौकट, दर वेळी "चल हट", दर वेळी वहीत नोंद. वहीत अकरा झाले, माझ्याकडेही अकरा झाले. पाच महिने गेले. आवक रिकामी. रोज दहाला बुवा मला उघडायचे, बघायचे, आणि मी काही लपवतोय की काय अशा नजरेने बघत राहायचे. लपवत तर मी होतोच हो. पण माझ्या मर्जीने नव्हे.

सुटका झाली ती घरमालकाच्या पंख्यामुळे. तो घरघरायला लागला म्हणून बुवांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईला बोलावलं. बाई कामाची. तिने धूळ झटकली, पंखा पुसला, आणि सगळं चालतंय ना बघायला मलाही उघडलं. बघते तो काय.

"काका, ही अकरा पत्रं इथेच का पडलीत?"

"पडली कुठे? गेलीत. माझ्याकडे नोंद आहे." बुवांनी वही पुढे केली.

बाईने वही पाहिली, पडदा पाहिला. "नोंद तुमच्याकडे आहे आणि पत्रंही तुमच्याकडेच आहेत, काका. यातलं एकही गेलेलं नाही. पासवर्ड विचारत होता का मध्ये?"

"विचारायचा. मी कशाला देतोय?"

बाई हसली नाही, हे तिचे उपकार. तिने कुलूप उघडून दिलं, पण मला मुद्दाम ऑफलाइन ठेवलं. म्हणाली, "लगेच पाठवत नाही. पाच महिन्यांची जुनी आहेत, एकदा नजर टाका. नको असतील ती पुसा आणि नवं एकच छान लिहा. तिला काय कळणार आहे? हे बटण दाबलंत की जातील."

ती गेल्यावर बुवांनी वही पुन्हा चाळली. ठमीने काही वाचलेलंच नाही, हे हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरलं. पाच महिने जिच्या नजरेला नजर देण्याची हिंमत नव्हती, तिला काही ठाऊकच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खोटं कशाला बोलू, ते हसू मला आवडलं नाही. पण पाच महिन्यांचं ओझं एकदम उतरलं तर कोण हसणार नाही?

दोन दिवस त्यांनी मला उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी दहाला बसले. क्रमांक एक उघडला. बाण "दोनदा म्हणाली" या शब्दांपाशी नेला आणि तिथून "झाकायला"पर्यंत सगळं पुसून टाकलं. उरलं एवढंच : आई तुझ्यावर रागावली नव्हती. शेवटच्या आठवड्यात ती मला. मग ते अर्धवट वाक्यही पुसलं. पत्र स्वच्छ झालं. त्यात खोटं असं काही नव्हतं. ठमीला हवं होतं ते सगळं त्या एका ओळीत होतं. बुवांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं. छान वाटत होतं.

मग त्यांनी चष्मा काढला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "दोनदा सांगितलं होतंस गं तू." आणि रडले. चौतीस वर्षं कचेरीत आणि पाच-सहा महिने माझ्यापुढे बसलेला माणूस, पण असा रडताना मी पाहिला नव्हता.

चष्मा पुसून त्यांनी पत्राची खिडकी बंद केली. मी नियमाप्रमाणे विचारलं : बदल जतन करायचे का? त्यांनी "नाही" दाबलं. पत्र पुन्हा होतं तसं झालं. मग बाईने दाखवलेलं बटण दाबलं, आणि खुर्ची पुढे ओढून पाहत बसले. एक गेलं, दोन गेलं, अकरा गेली. मागोमाग त्यांनी बारावं पाठवलं : "तांत्रिक अडचणीमुळे पत्रे विलंबाने रवाना होत आहेत. तसदीबद्दल क्षमस्व." कचेरीची भाषा काही सुटत नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. "बाबा, पहिलं पत्र वाचलं. बाकीची उघडली नाहीत. आत्ता उघडवत नाहीत. मला वेळ लागेल."

त्याला आता दोन महिने झाले. बुवा रोज दहाला बसतात. आवक बघतात. "वेळ लागेल म्हणालीय," असं मला समजावतात आणि मला बंद करतात. घर इतकं शांत असतं की घरमालकाचा पंखा तेवढा ऐकू येतो. मी आत अंधारात तिच्या टिंगची वाट बघत पडून राहतो. दोन्ही दारं आता उघडी आहेत, पण येणारं कोणी नाही.

सगळ्यांची पत्रं नेणाऱ्या मला स्वतःचं एक पत्र लिहायची सोय कोणी केलेली नाही. बुवांनी बटण दाबलं तेव्हा दोन्ही वेळा तिथे माझ्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं, आणि बुवा तर हे कधीच सांगायचे नाहीत. मला लिहिता आलं असतं तर फार काही लिहिलं नसतं. एवढंच कळवलं असतं : ठमे, हे पहिलं पत्र तुझ्या बाबांनी तुला दोनदा पाठवलंय.