मेणाची फळं आणि मी

मी एक जुना, कडेचा टवका उडालेला चिनी मातीचा वाडगा आहे. मित्रांनो, भट्टीतून निघालो तेव्हा मी फार देखणा होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात हवाच गेली.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या टेबलावर माझी वर्षं गेली. सकाळी ती मला पेरू, संत्री, गाजरं, काकड्यांनी भरी आणि संध्याकाळपर्यंत तिची मुलगी ठकू मला रिकामं करी. मग कामं वाढली. बाजारात जायला सवड मिळेना, आणलेलं सडू लागलं, चिलटं घोंघावू लागली. गिऱ्हाइकांसमोर ते बरं दिसेना, म्हणून तिने मेणाची फळं आणून माझ्यात रचली. भाज्याही मागे पडल्या आणि जेवण पाव-बिस्किटांवर भागू लागलं.

गिऱ्हाइकं माझी तारीफ करत. मी फुशारून गेलो. वर्ष सरलं. फळांची लाली तशीच राहिली, ठकूच्या गालांवरची मात्र उतरत गेली. जिना चढताना ती दोनदा बसे. आई मशीनवर वाकलेली असे. मान वर केली की तिला भरलेला मी दिसे आणि तिचा जीव निवांत होई.

रोज दुपारी मशीनची घरघर चालू असताना ठकू माझ्यापाशी येई. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. एक फळ उचलून ती थोडा वेळ तोंडाशी धरी आणि हळूच परत ठेवी. माझ्या तळाशी मेणाचा भुगा साचत होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, असं मी स्वतःला सांगत असे.

एकदा शेजारच्या नर्सबाई गणवेशाचं माप द्यायला आल्या. ठकूच्या हातावरचे निळे डाग पाहून त्या थबकल्या.

"ठकू फळं, भाज्या खाते ना रोज?"

"न खायला काय झालं? वाडगा कधी रिकामा नसतो आमचा," आई म्हणाली, आणि तिची सुई थांबली.

नर्सबाईंनी सफरचंद उचललं. हलकं लागलं, म्हणून उलटं केलं. खालच्या बाजूला बारीक दातांचे ठसे होते, एकावर एक, आणि खाचांत हिरड्यांचं सुकलेलं रक्त. त्यांनी दुसरं उलटं केलं, मग तिसरं. एकही फळ सुटलं नव्हतं.

"ठकू, अगं हे काय?" आई मशीनवरून उठत म्हणाली.

"चांगली बाजू वर ठेवत होते मी," ठकू म्हणाली. "गिऱ्हाइकं बघतात ना."

ताजी फळं-भाज्या पोटात न गेल्याने जडलेल्या आजारावर उपचार घेऊन ठकू दवाखान्यातून परतली, हळूहळू सावरली. आता बाजारातून आल्याशिवाय आई मशीनला हात लावत नाही. ते मेण वितळवून तिने वडी केली आहे, आणि दोरा मजबूत व्हावा म्हणून तो तिच्यावरून ओढताना तिचा हात अजून थबकतो. ठकू धावते, खेळते. मात्र प्रत्येक फळ खाण्याआधी ती ते उलटं करून बघते.

मित्रांनो, आमच्या भरलेपणावर जाऊ नका. घरातला वाडगा रोज भरा आणि रोज रिकामा करा. माझ्यात आता सालं उरतात, चिलटं येतात, तारीफ कुणी करत नाही. पण एखाद्या संध्याकाळी एक जरी फळ तसंच राहिलं, तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.