मुंग्यांची पंगत

खजुराच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या वाळूवर मुंग्या तुटून पडल्या होत्या आणि माझा थोरला भाऊ मोंजी हात उंचावून ओरडत होता, "बघा, सुक्कर बाहेर पडलं! मुंग्यांनो, जेवा पोटभर!"

आमच्या वाळवंटातल्या तोझर गावात साखर म्हणजे सुक्कर आणि मधुमेह म्हणजेही सुक्कर. मोंजीचं सगळं दुकान या एका शब्दावर चालायचं. त्याचं मंतरलेलं पाणी प्यायचं आणि सकाळी वाळूत लघवी करायची. मुंग्या आल्या की आजार गेला! रक्तातली साखरही खरंच उतरायची, मग काय, लोक त्याचे हात चुंबायचे. मी डॉक्टर, म्हणून माझी कुरकुर सगळ्यांना जळफळाट वाटे.

एके दुपारी धाकटी बहीण हेदिया तिच्या मुलीला, रीमला घेऊन धावत आली. पोर उलट्या करून धापा टाकत होती आणि श्वासाला पिकल्या फळांचा वास येत होता.

"साखर तर ठीक आहे रे! मोंजीदादाचं पाणी पितेय ना ती, त्यानेच इन्सुलिन बंद करायला सांगितलं."

रीमला मोठ्या दवाखान्यात पोचवून मी बागेत गेलो.

"मलाही पाणी दे."

"तुला कुठे सुक्कर आहे?" मोंजी हसला.

"मग घाबरतोस कशाला?"

सकाळी माझ्याही वाळूवर मुंग्या धावल्या.

"मला आजारच नाही. मग माझ्यातून काय बाहेर पडलं?" मी गर्दीसमोर विचारलं आणि उत्तरही मीच दिलं.

"पाण्यात मधुमेहाच्या गोळ्यांची पूड आहे. मूत्रपिंडातली काही प्रथिनं लघवीत चाललेली साखर उचलून रक्तात परत टाकतात. ही गोळी त्यांना अडवते. साखर वाहून जाते, आकडा उतरतो, आजार तिथेच राहतो. पेशीत साखर नेणारी प्रथिनं वेगळी. ती आधी बाहेरच्या बाजूला उघडतात, साखर धरतात, मग आतल्या बाजूला उघडून सोडतात. स्नायूंमधली ही दारं पेशीच्या पोटात पडून असतात; इन्सुलिनने हाक मारली की भिंतीवर येतात. रीमचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. टोचायचंही बंद झालं. पेशी उपाशी राहिल्या, चरबी जळत गेली, रक्त आंबट झालं."

मी मोंजीकडे वळलो. "तू औषधाच्या दुकानात आयुष्य काढलंस. इन्सुलिन बंद केलं की काय होतं, तुला माहीत होतं."

तो हळूच म्हणाला, "घरच्याच पोरीला पाणी दिलं नसतं, तर लोकांनी विश्वास ठेवला असता का?"

ज्याच्या खांद्यावर बसून मी खजूर तोडले, त्याने आमची पोर जाहिरातीला वापरली होती.

रीम वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मोंजीमामाला ठाऊक होतं?"

मी खोटं बोललो नाही. तुम्हीही चमत्कार दिसला की हात चुंबण्याआधी विचारा, धडधाकट माणसाला हेच पाणी पाजलं तर काय होईल? माझ्या बहिणीने विचारलं नाही, कारण समोर सख्खा भाऊ होता.