डावीकडं सरका, साहेब

"साहेब, डावीकडं सरका."

कुलथे साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते बोटीच्या उजव्या कडेला ऐसपैस बसले होते. दोन्ही पाहुणेही त्यांना खेटूनच, कारण सावली त्याच बाजूला होती आणि बर्फाची पेटीही त्याच बाजूला. साहेबांचं वजन एकशे आठ किलो. पाहुणे त्यांच्याच खात्यापित्या मंडळीतले. बोट उजवीकडे कलली होती, नाक वर करून बसली होती, आणि स्टिअरिंगवरचा हौशीराम मशीनचा दांडा पुढे करायला तयार नव्हता.

"हौशीराम, चल की. तिकडे मासे झोपायची वेळ झाली."

"सरकल्याबिगार न्हाई जायाचं, साहेब. एकानं तरी तिकडं बसा."

"अरे, काही होत नाही."

"व्हतंय. वारं लागलं की पानी आत येतंय."

पाहुण्यांपैकी एकजण खो खो हसला. "कुलथे, बोटीचा मालक नक्की कोण?"

साहेब उठले. लाल चेहऱ्यानं डाव्या बाजूच्या उन्हात जाऊन बसले. बोट सरळ झाली, हौशीरामनं दांडा पुढे केला आणि ती धरणाच्या पाण्यावर सुरेख पळायला लागली. हौशीराम खूश होता. पाहुण्याच्या त्या हसण्यात आपली अर्धी नोकरी गेली, हे त्या भोळ्या माणसाला कळलंच नाही.

डिंभ्याच्या धरणात गाव गेलं तेव्हा हौशीराम ऐन तिशीत होता. त्यानंतरची दहा वर्षं त्याला लोकांनी नुसतं सरकवलं. कचेरीत गेला की कारकून म्हणायचा, त्या टेबलाकडे जा. त्या टेबलावरचा म्हणायचा, बाहेर थांब. जमीन दाखवली ती इतकी लांब आणि इतकी खडकाळ की चिमाबाईनं, त्याच्या बायकोनं, ती बघूनच पाठ फिरवली. शेवटी दोघं परत आले आणि पाण्याच्या वरच्या डगरीवर छप्पर घालून राहिले. खाली पाणी, पाण्याखाली गाव. हौशीराम ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरायला शिकला. ट्यूबवर बूड चार बोटं इकडचं तिकडं झालं की माणूस पाण्यात, त्यामुळे वजन कुठे ठेवायचं हे त्याच्या हाडात गेलं होतं.

दोन हजार एक साली पुण्याचे कुलथे साहेब आले. ते इमारती बांधायचे आणि शनिवार-रविवार मासे धरायचे. गोव्याहून त्यांनी फायबरची बोट आणली होती, साठ हॉर्सपॉवरचं मशीन लावलेली. पहिल्याच दिवशी ते हौशीरामला म्हणाले, "हे बघ, जमिनीवर माझं चालेल. पाण्यावर तू सांगशील ते आम्ही ऐकायचं."

साहेब बोलून विसरले. हौशीराम मात्र ते वाक्य जपून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी 'तू सांग' म्हणालं होतं. मग तो सांगायचा. डॉक्टरला सांगायचा, वकिलाला सांगायचा, एकदा तर एका मोठ्या अधिकाऱ्याला, "रावसाहेब, तिकडं सरका" म्हणाला आणि अधिकारी निमूटपणे सरकला. त्या रात्री तो चिमाबाईला तीनदा तेच सांगत बसला होता.

"सरका म्हनायचा पगार देतो का त्यो तुमाला?" चिमाबाई म्हणाली. "एक दिस तुमालाच सरकवंल."

दोन हजार चारच्या मार्चमध्ये साहेबांच्या गाडीतून एक खोकं उतरलं. त्याबरोबर जुन्नरचा सावळेराम मेकॅनिक उतरला. विहिरीवरच्या मोटारी, डिझेल इंजिनं, गिरण्या, काहीही दुरुस्त करणारा, आणि तोंडानं अत्यंत फटकळ. खोक्यात स्टीलचे दोन चकचकीत पत्रे, तेलाचा छोटा पंप, नळ्या आणि दोन बटणं होती. साहेब त्याला ट्रिम टॅब म्हणत होते. सावळेरामनं बघताक्षणी त्यांना 'झडपा' म्हणून टाकलं.

बोट काठावर ओढली. सावळेरामनं बोटीच्या पाठीवर, म्हणजे मागच्या उभ्या बाजूवर, दोरा धरला, खुणा केल्या आणि ड्रिल लावलं. फायबरचा पांढरा भुगा उडायला लागला, तसा हौशीराम पुढे झाला.

"धडधाकट बोटीला भोकं कशापायी पाडतुयास?"

"तुझ्यापायी. साहेब म्हनले, मानूस लई बोलतो, त्याचं तोंड बंद करायचं मशीन बसव."

हौशीरामनं अंगावरचा भुगा झटकला. मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

"बोरी बुद्रुक."

"म्हंजी आमचं पानी तुमच्याच उसाला जातंय."

"तुमचं कसं? पानी सरकारचं."

"पानी सरकारचं. गाव आमचं व्हतं."

सावळेरामनं ड्रिल बंद केलं. "हे बघ पावणं, धरण मी बांधलं का? मी पंप दुरुस्त करतो. भांडायचं असंल तर लवकर भांड, मला पाचची एसटी गाठायचीय."

त्यानंतर दोघं दिवसभर एकमेकांशी कामापुरतंही गोड बोलले नाहीत. पाना दे, धर, सोड, आंधळा हायस का, एवढंच. पण काम सावळेरामचं नंबरी होतं. भोकात रबरासारखा चिकट लगदा भरून त्यानं बोल्ट आवळले आणि बोटीच्या पाठीला, खालच्या कडेशी, एक उजवीकडे एक डावीकडे अशा दोन झडपा बिजागरीवर बसवल्या. बटण दाबलं की पंप घरघरायचा आणि झडप खाली वाकायची.

"हिनं व्हतंय काय?" हौशीरामला राहवलं नाही.

"बोट पळायला लागली की पानी झडपंच्या पोटावर आदळनार. उजवी खाली केली की उजवी बाजू उचलून धरनार. दोन्ही केल्या की नाक खाली. मग कुणी कुठंबी बसू दे."

"आन बोट मागं घेताना?"

सावळेरामनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न साहेबांनी विचारला नव्हता. "मागं घ्यायच्या आधी दोन्ही वर पायजेत. खाली ऱ्हायल्या आन दगड लागला तर पत्रा उलटा व्हतोय. मग सगळं तेल पान्यात."

"ह्ये साहेबांना सांगा."

"सांगितलं. त्यांनी 'हां हां' केलं."

चार वाजता बोट पाण्यात गेली. साहेब मुद्दाम उजव्या कडेला, सावलीत, पेटीवर हात टाकून बसले. बोट कलली. हौशीरामच्या ओठांवर शब्द आलेच होते, तेवढ्यात साहेबांनी बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि पळती बोट हळूहळू सरळ झाली. साहेब टाळी वाजवून हसले.

"बघितलंस? आता मी कुठेही बसेन. इथून पुढे सरका-बिरका बंद. कळलं?"

"व्हय साहेब."

सावळेराम बोटीतच मागे बसून हत्यारं पिशवीत भरत होता, त्यानं मान वर केली नाही. काठावर उतरल्यावर मात्र हौशीरामच्या जवळून जाताना पुटपुटला, "तुला गप करायला साहेबाला मुंबईहून सामान आणावं लागलं. लई भारी मानूस हायस राव." हे टोचून होतं की कौतुकानं, हौशीरामला ठरवता आलं नाही. त्याला तेव्हा कुणाचंच काही गोड लागत नव्हतं.

पुढच्या खेपेला साहेबांनी स्टिअरिंग स्वतःच्या हातात घेतलं. बोट आता बटणावर सरळ होत होती, मग हौशीराम कशाला हवा? पगार चालू राहिला, काम बदललं. बर्फ फोड, गळाला आमिष लाव, दोर बांध. तो पुढच्या कोपऱ्यात बसायचा आणि पाठीमागच्या स्टिअरिंगकडे न बघायचा प्रयत्न करायचा. त्याला मनापासून राग यायचा. झडपांचा, सावळेरामचा, सावलीचासुद्धा. चिमाबाईला त्यानं काही सांगितलं नाही, पण ती काय समजायची ते समजली आणि दोन दिवस तिनं त्याला टोमणा मारला नाही.

मे महिन्यात पाणी पार उतरलं. डगरी उघड्या पडल्या, आणि एका सकाळी देवळासमोरच्या दीपमाळेचं टोक पाण्याबाहेर आलं. त्याच रविवारी साहेब आले. बरोबर तेच दोन पाहुणे.

"मोठी मरळ कुठे मिळेल रे?" हसऱ्या पाहुण्यानं विचारलं.

"त्या दीपमाळेपाशी," साहेबच म्हणाले. "जुन्या भिंतींच्या कपारीत बसतात."

"साहेब, तितं गावठान हाय," हौशीराम म्हणाला. "पानी मांडीएवढंबी नसंल. लांबच थांबू. निदान झडपा तरी वर घ्या."

"हौशीराम, तुझं काम काय?"

"बरफ फोडायचं."

"मग फोड."

दीपमाळ जवळ आली. साहेबांनी वेग कमी केला, बोट पाण्यात बसली आणि समोर, हातभर खाली, काळ्या दगडांची रांगच्या रांग दिसली. साहेब घाबरले. त्यांनी दांडा खाडकन मागे ओढला. मशीन ओरडलं, बोट सपाट्यानं मागे गेली आणि पाठीकडून असा आवाज आला की पाहुण्यानं कानावर हात ठेवले.

हौशीरामनं वाकून बघितलं. उजवी झडप उलटी दुमडली होती. नळी तुटली होती आणि पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत होता. डावी मात्र होती तशीच खाली, धडधाकट, आणि तेल गेल्यावर ती आता बटणानंही वर येणार नव्हती. म्हणजे बोट आता पळायला लागली की डावी बाजू उचलली जाणार आणि उजवी आणखी बुडणार.

साहेबांनी बोट वळवून पुढे घेऊन बघितली. घेताक्षणी ती उजवीकडे झुकली, पाण्याचा एक सपकारा आत आला आणि पाहुण्यांच्या पँटी भिजल्या. साहेबांनी बोट पुन्हा थांबवली. दीपमाळ अजून हाकेच्या अंतरावरच होती.

"सावळ्यानं भिकार काम केलंय," साहेब म्हणाले.

"काम चांगलं केलं व्हतं, साहेब. त्यानं सांगितलं व्हतं, मागं घेताना..." सावळेरामची बाजू घेतोय आपण, हे बोलल्यावर हौशीरामच्या लक्षात आलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तू गप्प बस आणि डावीकडे जा. पुढे. वजन पाहिजे तिथे."

"पावण्यांना सांगा की सरकायला. तिघं उजवीकडं, मी एकला..."

"ते पाहुणे आहेत! तू सरक."

हौशीराम सरकला.

"अजून."

तो अजून सरकला.

"पार कडेला बस. पाय बाहेर सोड. हां, तसाच. आता हलू नकोस, शहाण्या."

हसरा पाहुणा म्हणाला, "वाळूचं पोतं मिळालं की नाही!" आणि दोघंही हसले. साहेबही हसले. मालक कोण, हा प्रश्न आज कुणाला पडला नाही.

हौशीराम पाय बाहेर सोडून पाण्याकडे बघत राहिला. शरमेनं त्याचे कान तापले होते. एवढं वाईट त्याला कचेरीच्या दारातसुद्धा वाटलं नव्हतं, कारण तिथं त्याला कुणी आधी 'तू सांग' म्हटलं नव्हतं. मग त्यानं मान वर करून दीपमाळ बघितली, तिच्यापासून डावीकडे मनातल्या मनात घरं मोजली. एक कुशाबाईचं. दोन, तिच्या दिराचं. तीन.

त्यानं कडेला हात टेकले आणि तो खाली उतरला.

पाणी मांडीपर्यंत आलं. पाय चिखलात रुतला, चाचपडत पुढे गेला आणि दगडाला लागला. लांबट, मधोमध झिजलेला दगड. गाव सोडताना लाकडं, कौलं, दारं सगळं नेलं होतं. उंबऱ्याचा हा दगड तेवढा चौघांना उचलला नव्हता. हौशीराम दोन्ही पाय जोडून त्यावर उभा राहिला.

"काय चाललंय? वर ये!" साहेब ओरडले. तो उतरल्याबरोबर बोट उजवीकडे कलली होती.

"न्हाई."

"अरे, बोट कलते आहे!"

"पावण्यांना सरकवा."

"हौशीराम, मी सांगतोय, वर ये!"

"साहेब, ज्यानं त्यानं मला आजवर सरकवलं. पयल्यांदा सरकवलं ते ह्याच उंबऱ्यावरनं." त्यानं पाण्यात, पायांखाली बोट दाखवलं. "आता इथनं न्हाई मी सरकनार. तुमी जावा."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"बरं."

बोट गेली. एका अंगावर पडून, वाकडी, रडतखडत. बऱ्याच लांबून साहेबांचा आवाज येत होता. "अहो, डावीकडे सरका ना जरा! सरका!" पाहुणे सरकले की नाही ते तिथून दिसत नव्हतं.

हौशीराम थोडा वेळ तसाच उभा होता. मग उंबऱ्यावरून उतरून चालायला लागला. काठ समोरच होता, शंभर-सव्वाशे पावलांवर.

"तो सरळ का जात नाहीये?" बोटीतला पाहुणा मागे बघत म्हणाला. "वेडा आहे का?"

मांडीभर पाण्यातून हौशीराम आधी उजवीकडे गेला, दीपमाळेपाशी थांबून त्यानं हात जोडले. तिथून डावीकडे वळला. मशीननं गढूळ केलेल्या पाण्यात कुठं काही दिसत नव्हतं, पण गावातल्या वाटा त्याच्या पायांना पाठ होत्या. लंकाबाईच्या परड्यातून त्याला मधली वाट धरता आली असती, पण परड्यातून कुणी गेलेलं तिला आवडायचं नाही. भिकाच्या ओट्याला वळसा घालून तो गल्लीनं वेशीकडे निघाला.